आमच्याच नोंदी आम्हाला विकत कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात नुकताच सार्वजनिक ग्रंथालयांच्या संगणकीकरणावर एक लेख आला. ग्रंथपालांना तंत्रज्ञानाचं वावडं आहे, तेव्हा संस्थांनी रंगीत आलेख दाखवणारी तयार प्रणाली विकत घेऊन मोकळं व्हावं, असा त्याचा सूर होता. मी तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. वावड्याबद्दल वाद घालत नाही, असेलही कुणाकुणाला. पण तशी तयार प्रणाली आमच्याकडे आहे, आणि ती असूनही आता मी वाचनालयाच्या नोंदींना जे काही विचारायचं ते काळ्या पडद्यावर, एसक्यूएल नावाच्या प्रश्न विचारायच्या भाषेत आज्ञा टंकून विचारते. ही वेळ का आली ते लिहिते.

देवघेवीला प्रणाली चांगली आहे. बारकोड वाचते, वर्गणीची पावती काढते, थकबाकीदारांची यादी देते. मेनूत नसलेलं काही विचारलं की मात्र अडतं. आमची कपाटं ओसंडून वाहतायत म्हणून कार्यकारी मंडळापुढे निर्लेखनाचा, म्हणजे जुनी पुस्तकं संग्रहातून कमी करण्याचा विषय आला. साधा प्रश्न होता, दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं कोणती? मेनूत असा रिपोर्ट नव्हता. पुरवठादाराला फोन केला. ‘‘मॅडम, तो कस्टम रिपोर्ट होतो. कोटेशन पाठवतो.’’ त्या नोंदी आम्हीच दाखलखारीज रजिस्टरातून एकेक करून टंकल्या होत्या. तेव्हा मदतीला घेतलेल्या मुलींचं मानधनही वाचनालयानेच दिलं होतं. आणि आता त्याच नोंदींना एक प्रश्न विचारायचे पैसे. कोटेशन आलं, मंडळात वाचून दाखवलं, खजिनदारांनी मान हलवली, विषय पुढच्या सभेवर गेला.

आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, बी.सी.एस. झालेला एक मुलगा बसतो. त्याने विचारलं, ‘‘मॅडम, प्रणालीतून सगळा डेटा सीएसव्हीत काढता येतो का?’’ सीएसव्ही म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल. बॅकअपच्या पानावर एका कोपऱ्यात ती सोय निघाली. त्याने वाचनालयाच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू लिनक्स (विंडोजऐवजी चालणारं मोफत सॉफ्टवेअर) चढवलं, त्यावर नोंदी साठवून त्यांना प्रश्न विचारू देणारा एसक्यूलाइट नावाचा प्रोग्रॅम ठेवला, पुस्तकांची फाइल ‘पुस्तके’ नावाने आणि देवघेवीची ‘देवघेव’ नावाने आत घेतली. त्यासाठी फक्त ‘.इम्पोर्ट’ ही आज्ञा लागते. मग त्याने पुढची ओळ टंकली. आज्ञेतले इंग्रजी शब्द पडद्यावर रोमनमध्ये असतात, मी आपल्या वाचकांसाठी देवनागरीत उतरवते:

सिलेक्ट दाखलक्र, शीर्षक फ्रॉम पुस्तके व्हेअर दाखलक्र नॉट इन (सिलेक्ट दाखलक्र फ्रॉम देवघेव व्हेअर दिनांक >= '२०१५-०४-०१');

क्रियापदं आणि आकडे तेवढे रोमन. तक्त्यांची आणि रकान्यांची नावं मराठीत, देवनागरीत ठेवली तरी प्रोग्रॅम कुरकुरत नाही. ओळीचा अर्थ ज्याला थोडं इंग्रजी येतं त्याला सांगावा लागू नये. पुस्तकांच्या तक्त्यातून दाखल क्रमांक आणि शीर्षक दे, पण एप्रिल २०१५ पासून देवघेवीत ज्यांचा क्रमांक आलाय ती वगळ. एंटर दाबल्यावर यादी सरसर वर सरकत गेली. शेवटचा अर्धविराम विसरला तर प्रोग्रॅम रागावत नाही, तीन टिंबं आणि एक बाण दाखवून ‘पुढे बोला’ म्हणत थांबून राहतो. सुरुवातीला बरेच जण इथेच घाबरतात, यंत्र अडकलं असं वाटतं. अर्धविराम टाका, एंटर दाबा, झालं.

पहिली यादी चुकीची होती, हेही सांगायला हवं. प्रणाली तारखा दिवस-महिना-वर्ष अशा क्रमाने बाहेर काढते. एसक्यूलाइटला तारीख असा वेगळा प्रकारच नाही, तो मजकूर म्हणून डावीकडून तुलना करतो. त्यामुळे ३१ मार्च २००९ ही तारीख त्याच्या लेखी ५ एप्रिल २०२३ च्या पुढची ठरते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस अशी फिरवून घेतल्यावर यादी जमली. त्यासाठी ‘सबस्ट्र’ नावाचं फंक्शन आहे. मजकुरातल्या इतक्याव्या अक्षरापासून इतकी अक्षरं उचल, एवढंच ते करतं. ही फिरवाफिरवी एका फाइलीत लिहून ठेवली, पुन्हा विचार करावा लागला नाही.

‘हे इंजिनिअरांचं काम आहे’ असं मंडळातले एक सदस्य म्हणाले. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये नोंदी तक्त्यांच्या रूपात ठेवायची कल्पना मांडली. त्यावर आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ही प्रश्न विचारायची भाषा सादर केली. ती कुणासाठी, हे त्यांच्या निबंधातच लिहिलं आहे. संगणकाचे तज्ज्ञ नसलेले, पण थोडं शिकायची तयारी असलेले लोक. उदाहरणं दिलीत ती हिशेबनीस, अभियंते, वास्तुरचनाकार आणि नगररचनाकारांची. चारांपैकी एक अभियंता आहे, तेवढं सदस्यांचं बरोबर. ग्रंथपाल त्या यादीत नाहीत, पण हिशेबनीस पहिले आहेत, आणि मार्चअखेर मी दुसरं काय करते?

एसक्यूलाइट २००० सालचं. रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. जहाजाला मार बसला तर कुठली झडप उघडायची, कुठली बंद करायची, हे ठरवणारं. माहिती वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर होती. तो बंद पडला की बोल हिप यांच्या प्रोग्रॅमला बसायचा, कारण पडद्यावर दिसायचा तोच. म्हणून त्यांनी सर्व्हरच न लागणारा डेटाबेस लिहिला. सगळं एका फाइलीत, पासवर्ड नाही, पार्श्वभूमीला काही चालू ठेवायला नको. त्यावर कुणाची मालकी नाही. मूळ कोडमध्ये हक्काच्या सूचनेच्या जागी आशीर्वाद लिहिलेला आहे. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो असतो आणि तुमचे व्हॉट्सॲपचे निरोप फोनमध्ये त्यातच साठतात. मला जास्त भावलं ते वेगळंच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आकडेवारीचे संच दीर्घकाळ जपण्यासाठी ज्या फाइल-प्रकारांची शिफारस केली आहे, त्यांत एसक्यूलाइट आहे. बनवणाऱ्यांनी २०५० पर्यंत सांभाळण्याचा इरादा जाहीर केला आहे. आमच्या पुरवठादाराचा करार दर वर्षी मार्चमध्ये संपतो.

आता खरी गंमत. काळ्या पडद्याने आमच्या नोंदींचं पोट उघडं केलं. आलेखवाल्या पडद्यावर ते कधीच दिसलं नसतं.

लेखकनिहाय पुस्तकं मोजली तर कुऱ्हाडे आडनावाचे एकच लेखक दोनदा आले. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या. डोळे फाडून पाहिलं, फरक शून्य. मग ‘लेंग्थ’ने लांबी विचारली. एका कुऱ्हाडेंची ८ आली, दुसऱ्यांची ९. झालं होतं असं की टंकणाऱ्या एका मुलीने ऱ्ह साठी खालच्या टिंबाचा ऱ वापरला होता आणि दुसरीने साधा र, त्याला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. म्हणजे वाचक काउंटरवर येऊन ‘कुऱ्हाडेंचं काय काय आहे?’ विचारायचा, आम्ही शोधून निम्मीच पुस्तकं सांगायचो आणि उरलेली कपाटात असून नाहीत. बिऱ्हाड, तऱ्हा, वऱ्हाड हे शब्द शीर्षकात असलेल्या सगळ्या पुस्तकांची हीच गत. दुरुस्तीही एकाच ओळीची. ‘रिप्लेस’ला सांगायचं की २३५२, २३८१, ८२०५ या क्रमांकांची चिन्हं सलग दिसली की त्याजागी २३५३ आणि २३८१ ठेव (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो). कळफलकावर जे दिसत नाही ते असं क्रमांकाने पकडता येतं.

दुसरा प्रकार अधिक गंभीर. ग्रंथसंग्रहाची एकूण किंमत काढायची होती. ‘सम’ हे बेरजेचं फंक्शन लावलं, आकडा आला. प्रणालीच्या पहिल्या पानावर मोठ्या निळ्या अक्षरांत जो आकडा झळकतो तोच. माझ्या रजिस्टरातल्या बेरजेपेक्षा तो बराच कमी होता. शोधल्यावर कळलं की काही किमती देवनागरी आकड्यांत टंकलेल्या आहेत, 150 ऐवजी १५०. एसक्यूलाइट अशा मजकुराला संख्या मानत नाही, शून्य धरतो आणि पुढे जातो. तक्रार नाही, इशारा नाही. आमची प्रणाली आत काय करते मला माहीत नाही, पण आकडा तोच येत होता एवढं खरं. ‘ग्लॉब’ नावाच्या शोधाने ० ते ९ यांपैकी कुठलाही देवनागरी अंक असलेल्या किमती बाहेर काढल्या आणि ते सगळे जुने, मुलींनी इनस्क्रिप्ट कळफलकावर टंकलेले दाखल क्रमांक निघाले. विम्याच्या अर्जावर इतकी वर्षं कुठला आकडा गेला असेल ते मंडळाने तपासावं, असं मी लेखी कळवलं आहे.

तिसरं लहान आहे, पण आमच्या जुन्या वाचकांना तेच खुपतं. छापील यादीत ‘काळ’ हा शब्द ‘काल’नंतर लगेच आणि ‘कावळा’च्या आधी येतो. आपल्या कोशांत ळ ची जागा ह नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ळ ला ल च्या शेजारचा क्रमांक मिळाला आहे, आणि साधी क्रमवारी त्या क्रमांकाने लागते. पोस्टग्रेससारख्या मोठ्या डेटाबेसमध्ये मराठी वर्णक्रम मागून घेता येतो. मी सध्या क्रम लावताना ळ च्या जागी ‘ह’ आणि त्यापुढे एक चिन्ह असं धरायला सांगते. जुगाड आहे, पण यादी लागते.

पडद्यावर देवनागरी नीट दिसत नाही, ही तक्रार खरी आहे. टर्मिनलमध्ये मात्रा सुटतात, रकाने वाकडे होतात. म्हणून मी उत्तर पडद्यावर पाहतच नाही. ‘.वन्स’ लिहून फाइलीचं नाव दिलं की पुढचं उत्तर थेट त्या फाइलीत जातं आणि ती लिब्रेऑफिसमध्ये छान उघडते. उलट दिशेला मात्र सावध. प्रणालीतून आलेली सीएसव्ही आत घेण्याआधी एक्सेलमध्ये उघडून पुन्हा साठवू नका. तेरा अंकी आयएसबीएनचं तिथे ९.७८ई+१२ होतं, आणि तसंच साठवलं की मागचे अंक गेले ते गेले.

दिवाळी अंकांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. दर वर्षी कुठले अंक किती प्रती घ्यायचे, यावर मंडळात जोरदार चर्चा होते आणि ती प्रत्येकाच्या आवडीवर चालते. यंदा सभेच्या आधी गेल्या तीन हंगामांतला प्रत्येक अंक किती वेळा बाहेर गेला आणि सरासरी किती दिवस वाचकाकडे राहिला, हे दोन रकान्यांत छापून ठेवलं. भविष्याचे आणि पाककृतींचे अंक सर्वांत जास्त फिरतात, हे कुणालाही माहीत होतं. पण दोन जुने वाङ्मयीन अंक फिरले कमी आणि प्रत्येक वेळी राहिले मुदत संपेपर्यंत. म्हणजे ते वाचले जातात, प्रत एकच असल्याने पुढच्याला मिळत नाहीत. त्यांची दुसरी प्रत घ्यायचं ठरलं. सभा लवकर आटोपली, चहा गरम मिळाला.

आणि हे सगळे प्रश्न एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले आहेत. वार्षिक अहवालाला लागणारे आकडे, म्हणजे सभासद किती, बालविभागात किती, वर्षात दाखल किती, खारीज किती, भाषावार देवघेव किती, हे त्या फाइलीतून सलग बाहेर पडतात. एसक्यूलाइटला फाइल द्यायची आणि उत्तर दुसऱ्या फाइलीत वळवायचं. त्या फाइलीचा छापील कागद मी दाखलखारीज रजिस्टराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. मी निवृत्त झाल्यावर जी कुणी येईल तिला ‘डावीकडच्या मेनूत जा, मग तिसरं बटण’ असं शिकवत बसावं लागणार नाही. पुढच्या अद्ययावत आवृत्तीत ते बटणही हललेलं असेल.

पुरवठादाराचं म्हणणं, ‘थेट हात घातलात तर डेटा उडेल.’ मी तरी मूळ डेटाला हात लावत नाही, माझ्याकडे नक्कल आहे, आणि तीही मी ‘-रीडओन्ली’ लावून उघडते, म्हणजे चुकून काही बदललं तर प्रोग्रॅमच नाही म्हणतो. शिवाय मूळ डेटाबेसवर फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं खातं काढून देणं हे त्यांच्यासाठी ‘ग्रँट सिलेक्ट’ या एका आज्ञेचं काम आहे. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर ‘आय-ॲम-अ-डमी’ नावाचा अधिकृत पर्यायच आहे! तो लावला की अट न घालता सगळ्या नोंदी बदलायची किंवा पुसायची आज्ञा यंत्र नाकारतं. (तो लावल्यावर याद्याही एक हजार ओळींवर थांबतात, हे माहीत नसलं तर हजारावरचं सगळं हरवलं असं वाटतं.) तेव्हा डेटा उडण्याची भीती आम्हाला दाखवू नये.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. इतक्या सहज विचारता येतं म्हटल्यावर कोण काय वाचतं हेही एका ओळीत निघतं. एका सदस्यांनी एका विशिष्ट सभासदाने कुठली पुस्तकं नेली ते ‘सहज’ विचारलं होतं. मी दिलं नाही आणि देणारही नाही. अभ्यासिकेतल्या मुलांना सरावाला जी नक्कल देते त्यातून सभासदांची नावं, पत्ते, मोबाइल हे रकाने आधी काढून टाकते, देवघेवीत फक्त क्रमांक राहतो, तोही बदललेला. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, पण हा संकेत आमच्या व्यवसायात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आणखी एक, लिनक्सवर विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या संगणकाच्या ‘होम’ फोल्डरमध्ये ‘.एसक्यूलाइट_हिस्टरी’ नावाच्या लपलेल्या फाइलीत साठत राहतो. लॅपटॉप सामाईक असेल तर ती पुसावी.

आता मागणी. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अनुदान आहे, वर्गवारी आहे, तपासणी आहे. तपासणीला येणारे अधिकारी रजिस्टरं पाहतात, शिक्के पाहतात. त्यांनी संगणकीकरणाचा करारही पाहावा. सगळ्या नोंदी, सगळ्या तक्त्यांसह, संस्थेला हव्या तेव्हा विनाशुल्क आणि खुल्या स्वरूपात मिळतील, अशी अट त्यात आहे की नाही ते विचारावं. नसेल तर पुढच्या नूतनीकरणात घालायला लावावी. ग्रंथालय संचालनालयाने एक नमुना करार प्रसिद्ध केला तर आमच्यासारख्या संस्थांना पुरवठादाराशी भांडत बसावं लागणार नाही. ग्रंथपालांच्या प्रमाणपत्र वर्गात दशांश वर्गीकरण शिकवतात, तालिका शिकवतात, तिथे या भाषेला चार तास द्यावेत. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय, ऑर्डर बाय आणि दोन तक्ते जोडायचं जॉइन, एवढ्यावर आमचं नव्वद टक्के काम भागतं. सराव संगणकावर हवा, फळ्यावर नको, आणि सरावाचा डेटा मराठी पुस्तकांचा हवा, म्हणजे ऱ आणि ळ तिथेच भेटतील.

आणि निर्लेखनाची यादी पुढच्या सभेत मंजूर झाली. त्यातली पस्तीसेक पुस्तकं मी परत कपाटात ठेवायला सांगितली, कारण ती स्थानिक इतिहासाची आहेत आणि दुसरीकडे मिळणार नाहीत. दहा वर्षांत कुणी नेली नाहीत, एवढंच त्या ओळीला कळत होतं.

आपली,
एक ग्रंथपाल
(नाव व गाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)